वर्षभर पेन नाही

३ मार्च, रविवार

आत्या गेल्या.

सकाळी साडेनऊला नेहमीसारखा वाचनालयाच्या वरच्या खोलीत पोहोचलो, तर सगळे उभे. बसलेलं कोणीच नाही. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. सून चहा घेऊन आली तेव्हा चष्मा नाकावर होता आणि पेन्सिल मांडीवर. डॉक्टर एरवी बोलायचे थांबत नाहीत. समोरच्याचं तोंड उघडं पण त्याला बोलता येत नाही, अशा माणसांत आयुष्य गेल्यावर दुसरं काय होणार. आज मात्र एवढं सांगून ते खिडकीकडे वळले.

म्हातारपणी मला काही आठवेल याचा भरवसा नाही, म्हणून लिहून ठेवतो. आम्ही आठजण. दर रविवारी पेपरातलं मोठं शब्दकोडं मिळून सोडवतो. भूगोलाच्या बाई त्याच्या चौकटी मोठ्या कागदावर आखून आणतात, कागद टेबलावर पसरतो, आणि एकच माणूस त्यावर लिहितो. तेही शाईने, खोडाखोड नाही. मग आठवडाभर तो कागद खाली जिन्याजवळच्या फळ्यावर लागतो आणि येणारे-जाणारे बघतात. पेन आत्यांचं. पोस्टातून निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसने दिलेलं, काळं, जाड निबाचं. तीस वर्षं घरोघर पत्रं वाटली आणि नंतरची बावीस वर्षं या खोलीला दिली. ज्याला पटकन सुचतं त्याच्याकडे बोट करून 'तू थांब' म्हणायच्या, आणि ज्याला वेळ लागतो त्याच्याकडे शांतपणे बघत बसायच्या. चौकातल्या पोलिसासारख्या. त्यांच्यामुळे आमच्यातल्या सगळ्यात मंद माणसालाही रविवारी एक तरी शब्द यायचाच.

बावीसपैकी एकवीस वर्षं पेन त्यांच्या हातात होतं. शेवटचं वर्ष नव्हतं. का नव्हतं ते मला नीट माहीत आहे. आज लिहीत नाही.

सतरा तारखेला आठवणींची सभा ठरली. त्यासाठी चार पानांचं एक पत्रक काढायचं. मजकूर डॉक्टर लिहिणार, आणि पानं लावून छापून आणायचं काम माझ्याकडे, कारण मी छापखान्यातला. मी हो म्हणालो.

पण खरी लाज पुढे आहे. कोणीतरी म्हणालं, आत्यांना कोडं अर्धवट टाकलेलं आवडायचं नाही. मग बसलो. उजवीकडचा खालचा कोपरा अडला. सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं आणि मी, आत्या गेल्याचं कळून तास झाला नव्हता, तीन शब्द धडाधड सांगून टाकले. सुतारदादा डोळे पुसत म्हणाले, कोपरेसाहेब आहेत म्हणून बरं.

कोपरेसाहेब म्हणजे मी.

५ मार्च, मंगळवार

दोन दिवस टाळलं. आता लिहितोच, वही तर माझीच आहे.

मी कोडी सोडवत नाही. मला ती येत नाहीत. ज्या पेपरात ते कोडं येतं, त्याच पेपरात मी अठ्ठावीस वर्षं पानं लावतो. रविवारची पुरवणी शुक्रवारी लागते. कोडं रचणारे गृहस्थ कोडं आणि त्याचं उत्तर एकाच कागदावर पाठवतात. कोडं त्या रविवारी छापायचं, उत्तर पुढच्या. दोन्ही माझ्या हाताखालून जातात. वाचनालयात मी सांगितलंय की मी बिलबुकं आणि औषधांची खोकी छापणाऱ्या छापखान्यात असतो.

ठरवून काही केलं नव्हतं, हे स्वतःला नऊ वर्षं सांगतोय. पहिल्या रविवारी वाचनालयात मासिक परत करायला गेलो होतो. वर आवाज येत होते म्हणून डोकावलो. त्यांचा एक कोपरा अडला होता. परवाच लावलेलं पान, शब्द डोळ्यांसमोर होते, तोंडातून निघून गेले. कुठे बसलो होतो, कोण कोण होतं, काही आठवत नाही. टाळ्या आठवतात. आयुष्यात माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आमच्या धंद्यात मजकूर कॉलमात बसला की कोणाला आमची आठवण होत नाही, आणि नाही बसला की शिव्या.

तिथेच सांगायचं होतं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. मग कोपरेसाहेब नाव पडलं, आणि मग सांगायचं म्हणजे नावासकट सगळंच परत करायचं आलं. हिलाही खरं ठाऊक नाही. ही शेजारणीला सांगते, आमच्या यांचं डोकं म्हणजे. पुढे वाक्य पूर्ण करत नाही, नुसता हात फिरवते.

८ मार्च, शुक्रवार

आज ठरवून उत्तरावर कोरा कागद ठेवून पान लावलं. उत्तर पुढच्या आठवड्याच्या फायलीत टाकायचं तर ते बघावंच लागतं. डोळे मिटून टाकायला गेलो तर उत्तर कोड्याच्या चौकोनांवर जाऊन बसलं. शेजारचा म्हणाला, बरं नाहीये का तुम्हाला. ते काढेपर्यंत सगळं वाचून झालं. चौपन्नाव्या वर्षी अभ्यास न केलेल्या पोरासारखी माझी गत झाली आहे.

९ मार्च, शनिवार

डॉक्टरांचा मजकूर आला. छान लिहिलाय. पत्रं वाटताना आत्या पायऱ्या मोजायच्या, कुत्र्यांना नावाने ओळखायच्या, कोणाकडे वाईट बातमी असली तर दार वाजवून दोन मिनिटं तिथेच थांबायच्या. सगळं लावत गेलो. तिसऱ्या पानाच्या शेवटी आहे:

"बावीस वर्षांत आत्या फक्त एकदाच चुकल्या, आणि आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी वर्षभर पेन खाली ठेवलं."

त्याखाली डॉक्टरांनी पेन्सिलने लिहिलंय, इथे दोन ओळींची जागा मोकळी सोडा. कशाला ते लिहिलं नाही. डॉक्टरांना छपाईतलं काही कळत नाही.

ती ओळ मीच टाइप केली, माझ्याच बोटांनी. आता का ते लिहायलाच हवं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी. सुतारदादांची पाठ धरली होती म्हणून ते आले नव्हते. कोड्यात होतं, 'सुतार लाकूड तासतो ते हत्यार', तीन चौकोन, शेवटी स आलेला. बाकीचे वरच्या कोपऱ्यावर वाद घालत होते, तेव्हा आत्या हळूच मला म्हणाल्या, वाकस. मला पेपरातला कागद आठवत होता. मी म्हणालो, छे, कानस. त्यांनी पेन वर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. चांगलं मिनिटभर पाहिलं.

"नक्की?"

"शंभर टक्के, आत्या."

त्यांनी कानस लिहिलं. शाईने.

पुढच्या रविवारी पेपरात उत्तर आलं, कानस. मी मनात खूश. सुतारदादा पाठ धरून आले, फळ्यावरचा कागद पाहिला आणि हसायलाच लागले. कानस लोखंड घासायला, लाकूड तासायला वाकस, अहो कानशीने लाकूड तासायला बसलो असतो तर अजून पहिलंच टेबल चाललं असतं. त्यांनी पेपरला पत्र लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी पेपराने चूक कबूल केली. रचणाऱ्या गृहस्थांनी आधी 'लोखंड घासायचं हत्यार' असं विचारलं होतं, ऐनवेळी प्रश्न बदलला, उत्तर बदलायचं राहिलं.

म्हणजे जगात कानस हा शब्द तिथे लिहिणारं एकच माणूस असू शकत होतं, ज्याने उत्तर चोरून वाचलं ते. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. डॉक्टरांनी विचारलं, कानस कोणी सुचवलं होतं? आमचा नियम आत्यांनीच घातलेला, ज्याच्यामुळे चुकीचा शब्द शाईत गेला त्याने वर्षभर पेन धरायचं नाही. मी कधीच पेन धरत नव्हतो, माझं जाणार काय होतं? नाव जाणार होतं. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "लिहिलं मी. माझा हात, माझी चूक." आणि पेनाला टोपण लावून डॉक्टरांकडे दिलं.

तोंड उघडायच्या आत, असं लिहिलंय. मी तोंड उघडणार नव्हतो.

१० मार्च, रविवार

आज मुद्दाम गप्प बसलो. डोकं दुखतंय म्हणालो. डाव्या बाजूचा वरचा कोपरा चाळीस मिनिटं अडला, मला चारही शब्द माहीत, मूग गिळून बसून होतो. शेवटी सुतारदादांनी एक काढला, बाईंनी दोन, आणि उरलेला सगळ्यांनी मिळून. काय आनंद झाला त्यांना. इतक्या वर्षांत असा आनंद मी या खोलीत पाहिला नव्हता, कारण मी तो होऊच देत नव्हतो.

निघताना बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुम्हाला फार लागलंय, आम्हाला कळतं. गप्प राहण्याचंही मला श्रेय मिळालं.

१२ मार्च, मंगळवार

फोटो आणायला आत्यांच्या घरी गेलो. मुलगा भेटला, माझ्याच वयाचा. घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा एकाच बाजूला. या वयात त्या दर रविवारी या पायऱ्या उतरून-चढून यायच्या.

मुलाने त्यांची खुर्ची दाखवली. शेजारी खोक्यात कात्रणं, गेल्या वर्षभरातली प्रत्येक रविवारची, पेन्सिलने भरलेली. आमच्याकडे यायच्या आधीच त्या घरी कोडं सोडवून येत होत्या. पेन नव्हतं तरी. आणि खोलीत येऊन काही न सुचल्यासारख्या बसायच्या, दुसऱ्यांना सुचू द्यायच्या.

भिंतीवर कॅलेंडर होतं. सतरा तारखेभोवती गोल केलेला. मी बघतोय हे पाहून मुलगा म्हणाला, त्या दिवशी पेन परत मिळणार होतं ना. रोज एक दिवस खोडायची. आम्ही चिडवायचो, आई, शाळेला सुट्टी लागणार आहे का.

अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंतचे दिवस खोडलेले होते. सतरा दिवस राहिले होते.

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, आत्या पत्रं कोणत्या भागात वाटायच्या? त्याने रस्त्यांची नावं घेतली. तिसरं नाव आमच्या पेपरच्या गल्लीचं. शेवटची सहा वर्षं तोच भाग होता म्हणाला. मी तेव्हा तिथेच कामाला होतो. म्हणजे सहा वर्षं त्या आमच्या फाटकावरच्या खिडकीत रोज वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा देत होत्या आणि मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यांनी मात्र पाहिलं असणार. त्यांना कुत्रीसुद्धा नावाने ठाऊक होती.

निघताना मुलगा म्हणाला, "तुमच्याबद्दल फार बोलायची. म्हणायची, तो सांगेल एक दिवस. काय सांगणार होतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "असंच."



१३ मार्च, बुधवार

ती ओळ काढून टाकली. कोणाला न विचारता. आत्या एकदाही चुकल्या नाहीत असं पत्रक झालं, जे खरंच आहे. एवढ्याने बरं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. हिने विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो, नंतर माफी मागितली. ही वर्षातली पहिली माफी, आणि ती भाजीत मीठ जास्त आहे असं म्हटल्याबद्दल.

१४ मार्च, गुरुवार

प्रूफ घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एका पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवलं आणि उभ्या उभ्या चारही पानं वाचली. म्हणाले, एक ओळ गेली. मी म्हणालो जागा कमी पडली. त्यांनी बोटाने दाखवलं, ही दोन ओळींची मोकळी जागा तर आहे, मग कमी कुठे पडली? मी म्हणालो, गेलेल्या माणसाची चूक कशाला छापायची, बरं दिसत नाही.

"ती ओळ राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि खालची जागाही. शनिवारपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे."

मोकळी जागा कशासाठी असं विचारलं, तर म्हणाले, असू द्या, लागेल. आणि पेशंटकडे वळले. हट्टी माणूस आहे. छापखान्यात असं अर्धवट पान गेलं तर लोक मला वेड्यात काढतील.

ओळ परत घातली. दुसऱ्यांदा मी माझ्या हाताने आत्यांना चुकीचं ठरवलं.

१५ मार्च, शुक्रवार

लिहायचं राहिलं होतं, किंवा लिहायचं नव्हतं. दर जानेवारीत माझ्या वाढदिवसाच्या आसपास आत्या मला एक कार्ड द्यायच्या. पोस्टाच्या कोऱ्या कार्डावर हाताने आखलेलं छोटं कोडं, खास माझ्यासाठी रचलेलं. नऊ वर्षं, नऊ कार्डं. मी एकही सोडवलं नाही. कसं सोडवणार? त्याचं उत्तर आमच्या छापखान्यात येत नव्हतं. पुढच्या रविवारी त्या विचारायच्या, जमलं का रे? मी म्हणायचो, झकास होतं आत्या. त्या विचारायच्या, कोणता शब्द आवडला? मी म्हणायचो, सगळेच. मग त्या मान हलवायच्या आणि कागदाकडे वळायच्या.

कार्डं बिस्किटांच्या डब्यात होती. आज कामावरून लवकर आलो आणि पहिलं कार्ड घेऊन बसलो. सात बाय सात चौकोन. दोन तास लागले. मोठ्या कोड्यातले कोपरे मिनिटात भरणारा मी, एकेका चौकोनाशी झटत बसलो. पण जमलं, कारण प्रश्न अवघड नव्हतेच. कोणालाही येतील असे होते. म्हणजे मला येतील असे.

'याच्या शर्टाच्या खिशावर कायम असतो.' दोन चौकोन. डाग. शाईचा, पानं लावताना लागतो तो.

'याची सायकल उभी असते त्या झाडाचं नाव.' दोन चौकोन.

'शुक्रवारी हा ज्या फाटकातून कामावर जातो त्याचा रंग.' तीन चौकोन. हिरवा.

आमच्या पेपरचं फाटक हिरवं आहे. हे पहिल्या वर्षाचं कार्ड. मी खोलीत पाऊल टाकून वर्षही झालं नव्हतं. पुढचा सगळा काळ, प्रत्येक रविवारी, मी कोपरा भरताना त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना ठाऊक होतं. मला वाटायचं कौतुकाने बघतात. ज्याला वेळ लागतो त्याच्याकडे त्या तशाच बघायच्या, हे मीच मागे या वहीत लिहिलंय.

कार्डाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. उरलेली आठ काढून पाहिली, प्रत्येकावर तीच. 'याची उत्तरपत्रिका केलेली नाही. उत्तर तुझ्याकडेच आहे.'

मी लहान मुलासारखा रडलो, आणि रडताना बरं वाटत होतं याचीही लाज वाटली.

१६ मार्च, शनिवार

सकाळी छापखान्यात पत्रकाचं तिसरं पान उघडलं. डॉक्टरांच्या ओळीखाली लिहिलं:

"ती चूक आत्यांची नव्हती. त्यांनी बरोबर शब्द सांगितला होता. चुकीचा मी सांगितला, कारण मी नऊ वर्षं पेपरात पानं लावताना उत्तरं आधीच वाचत आलो. — कोपरेसाहेब"

मजकूर त्या मोकळ्या जागेत नेमका बसला, अक्षर लहान करावं लागलं नाही. डॉक्टरांनी जागा सोडायला सांगितली होती हे एका परीने बरंच झालं. पन्नास प्रती काढल्या. रद्द करण्यासाठी मशीनच्या बटणावर दोनदा हात गेला होता.

घरी येऊन हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी शेजारी सांगत होते ते?" मी म्हणालो, खोटं. तिने आणखी दोन शर्टांच्या घड्या घातल्या. एकाच्या खिशावर डाग होता, त्यावरून अंगठा फिरवला.

"त्यांना तरी सांगायचं होतं हो. त्या वाट बघत होत्या ना."

मग म्हणाली, पत्रक वाटून खाली मान घालून बसणार असाल तर ते सांगणं नव्हे, छापणं झालं. तोंडाने सांगा. मला हे सुचलं नव्हतं. मी अठ्ठावीस वर्षं कागदामागे उभा आहे, मला कागद म्हणजेच बोलणं वाटतं.

१७ मार्च, रविवार

खोली भरली होती. आत्यांचा मुलगा आणि सून, खाली पेपर वाचायला येणारे म्हातारे, पोस्टातली दोन माणसं. टेबलावर आत्यांचा फोटो आणि डबीत ते पेन. मी गठ्ठा पिशवीतून काढलाच नाही. आधी उभा राहिलो.

काय बोललो ते सलग आठवत नाही. पेपर म्हणालो, हिरवं फाटक म्हणालो, कानस म्हणालो. पेन आत्यांचं होतं आणि ते एक वर्ष मी त्यांच्याकडून घेतलं, हे म्हणालो. मुलाकडे बघून म्हणालो, तुम्ही विचारलं होतं मी काय सांगणार होतो, ते हे.

कोणी बोललं नाही. टाळ्यांची सवय झालेल्या माणसाला ती शांतता सोसवत नाही. बाईंनी विचारलं, नऊच्या नऊ वर्षं? मी हो म्हणालो. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी दर रविवारी पट्टी घेऊन चौकटी आखल्या होत्या, त्यात मी काय भरत होतो ते त्यांना आता कळलं.

"म्हणजे वाकस त्यांना येत होतं," सुतारदादा म्हणाले.

"हो. पहिल्यांदा त्याच म्हणाल्या."

"मला वाटलंच होतं. आत्यांना वाकस माहीत नाही, हे काही मनाला पटत नव्हतं." आणि एवढ्यावर ते रडायला लागले. इतका मोठा माणूस, लाकडासारखे हात, त्यांना वर्षभर हीच गोष्ट खुपत होती.

डॉक्टरांनी माझ्या पिशवीतून गठ्ठा काढला, एक प्रत उघडली, तिसरं पान पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवली. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही, वाचायला चष्माही लावला नव्हता. मग डबीतलं पेन मुलाच्या हातात दिलं. म्हणाले, आज हे आईंना परत द्यायचं होतं. मुलाने ते जरा वेळ मुठीत धरलं आणि भूगोलाच्या बाईंपुढे ठेवलं. लिहायला हवं, म्हणाला, नाहीतर शाई सुकते.

मी चप्पल घालायला दाराकडे गेलो. डॉक्टर मागून म्हणाले, नियम नियम आहे, वर्षभर पेन नाही. मी म्हणालो, मी कधी धरतच नव्हतो. ते म्हणाले, पेन नाही एवढंच आहे नियमात. बसायचं नाही असं कुठे आहे?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण खुर्ची पायाने थोडी सरकवली. बसलो. आजचं कोडं सुरू झालं. मला त्यातलं सगळं माहीत होतं, शुक्रवार मधे होताच. मी कागदाकडे पाठ केली आणि खिशातून आत्यांचं नववं कार्ड काढलं, या जानेवारीतलं. कालपर्यंत आठ कार्डं झाली, या नवव्यातही एक शब्द सोडून सगळे भरले होते. तो एक मला काही केल्या येत नव्हता. दोन चौकोन. कोपऱ्यात सुटे, म्हणून एकही अक्षर आलेलं नाही.

अर्धा तास गेला. त्यांचं कोडं संपत आलं. नऊ वर्षांत या खोलीत मी एक वाक्य कधीच म्हणालो नव्हतो.

"मला हे येत नाहीये," मी म्हणालो.

सगळे थांबले. सुतारदादांनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, लांब धरून मोठ्याने वाचलं. 'पहिल्या रविवारी तू कशावर बसला होतास?'

मी म्हणालो, खुर्ची चौकोनांत बसते, पण खुर्चीवर बसलो असतो तर आत्यांनी विचारलंच नसतं. मला खरंच आठवत नाही.

"शिडीवर," बाई म्हणाल्या. कागदावरून मान वर न करता.

"हो की," सुतारदादा म्हणाले. "खुर्च्या संपल्या होत्या. पुस्तकं काढायच्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर. मासिक छातीशी धरून. आत्या म्हणाल्या होत्या, त्या पोराला नीट जागा करा."

मी पंचेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा. शिडी अजून कोपऱ्यात उभी आहे. सुतारदादांनी मला पेन्सिल दिली, आणि मी दोन चौकोन भरले.